गोवऱ्यांवरचा टार्ट

आमच्या घरात मला सगळ्यात जास्त बोलणी खावी लागली ती एका शब्दापायी, आणि तो शब्द म्हणजे 'काहून'. भाकरी फुगते ती काहून, नासलेल्या दुधाचं पाणी हिरवट काहून दिसतं, कच्चा कांदा डोळ्यांत पाणी आणतो आणि तोच चुलीत भाजला की गोड काहून लागतो. माय परातीत पीठ मळत असायची, मी तिच्या समोर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायचे, आणि माझं चालू. दोन-तीन प्रश्नांपर्यंत ती हूं हूं करायची. चौथ्याला तिचा हात थांबायचा. "फुगते म्हणून फुगते. तुला भाकर खायाची हाय का तिची परीक्षा घ्यायची हाय?" असं म्हणून ती पिठाचा हात माझ्या गालाला पुसायची. आता पन्नाशीला टेकले तरी ही खोड काही गेलेली नाही. परवाच डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर मी ती रात्रीच का घ्यायची म्हणून त्यांचं डोकं खाल्लं, आणि बाहेर रांगेतल्या बायका माझ्या नावानं बोटं मोडत बसल्या.

गाव आमचं परभणीकडच्या गोरेगावपासून जीपनं अर्ध्या तासावर. घर तीन खोल्यांचं, वर पत्रे, पुढं अंगण, मागं गोठा. ह्या घराला सगळ्या ऋतूंत एकच वास असायचा, हळदीचा. माघ-फाल्गुनात ओली हळद निघाली की ती शिजवायची, वाळवायची, मग ड्रममध्ये घालून घासायची. तो ड्रम दिवसभर खडखडत राहायचा आणि बोलणारा माणूस ओरडून बोलायचा. अंथरुणं, वह्या, दुधाचं पातेलं, सगळं पिवळट. शाळेत मुली म्हणायच्या, तुझ्या डब्यातली साखर पण पिवळी असते. ते काही खोटं नव्हतं.

ह्या सगळ्या कारभारातला सर्वात मोठा माणूस म्हणजे माझे वडील, अण्णा. अण्णा दिवसाकाठी मोजून वीस शब्द बोलायचे, त्यातले दहा बैलांशी. पण हळद शिजवावी ती त्यांनीच. हळद कमी शिजली तर कंद आतून पांढरा राहतो, जास्त शिजली तर रंग जातो आणि बाजारात कुणी विचारत नाही. मोठी कढई, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर हळदीचाच पाला आणि त्यावर गोणपाट. अण्णा शेजारी उकिडवे बसायचे, वाफेचा वास घ्यायचे, मध्येच गोणपाट उचलून एका कंदात काडी खुपसायचे. काडी कशी शिरते त्यावरून ते सांगायचे, अजून थोडं, किंवा बस, काढा. आसपासच्या गावातले लोकही त्यांना बोलावून न्यायचे. मला तेव्हा ह्यात काही विशेष वाटायचं नाही. अण्णांचं काम ते शेतातलं, माझं आणि मायचं चुलीजवळचं, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये चुलीच्या खोलीचा उंबरा. अण्णा कधी चुलीपाशी आले नाहीत. तहान लागली तरी उंबऱ्याबाहेरून तांब्या मागायचे.

त्या वर्षी मी बारावी पास झाले. शाळेतल्या आमच्या बाईंनी मला बोलावून हातात एक फॉर्म दिला. परभणीला मुलींसाठी एक अभ्यासक्रम होता, त्यात अन्न कसं तयार होतं, कसं टिकतं, का बिघडतं हे शिकवायचे. बाई म्हणाल्या, "तू मला चार वर्षं जे प्रश्न विचारून छळलंस, त्यांची उत्तरं देणारी माणसं तिथं आहेत. सोमवारपर्यंत फॉर्म मला आणून दे. खाली वडिलांची सही लागेल." मी तो फॉर्म छातीशी धरून जीपमध्ये बसले. शेजारच्या म्हातारबानं विचारलं, लगीन ठरलं का पोरी. इतकं माझं तोंड फुललेलं होतं.

मंगळवारी जेवणं झाल्यावर मी अण्णांपुढं फॉर्म ठेवला. त्यांनी तो वाचला, म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळा, छपाई करणाऱ्याच्या नावासकट. मग विचारलं, "इथं शिकवतेत काय?"

"अन्न. म्हंजे ते शिजतं कसं, अन् काहून."

"सैपाक."

"सैपाक न्हाई अण्णा, त्याच्या मागचं."

"सैपाक शिकायला परभणीला जायाचं?" त्यांनी फॉर्मची नीट घडी घातली. "तुझ्या मायला येत न्हाई असं काय हाय तिथं?"

मला जे जे करता येत होतं ते सगळं मायकडून आलेलं, आणि मायला माझ्यापेक्षा दसपट यायचं. अण्णांनीच पुढचं टाकलं, आणि त्यांचे दिवसाचे वीस शब्द त्यात केव्हाच ओलांडले. "आयतवारी आक्का येऊन राहिली. तुझ्या मायला येत न्हाई असं काहीतरी करून खाऊ घाल सगळ्याला. आक्काला पटलं तर बघू."

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, डोंगरकड्याला दिलेली. अण्णांची आई ते पाळण्यात असतानाच गेली, आणि आठ-नऊ वर्षांच्या ह्या बहिणीनं त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. त्यामुळं आमच्या घरात आत्याचा शब्द पडला की तो मोडायची कुणाची टाप नव्हती. तिनं एकदा सांगितलं म्हणून आमच्या गोठ्याचं तोंड पूर्वेचं पश्चिमेला झालं होतं.

मला काय करायचं ते मात्र माझं त्याच क्षणी ठरलं. हिवाळ्यात एका दुपारी मी टीव्हीवर एक पदार्थ पाहिला होता. मैद्याची जाडसर पारी, ती काठाच्या थाळीत बसवायची, तिच्यात भाज्या, वरून अंडी आणि दूध फेटून ओतायचं. ती बाई त्याला टार्ट म्हणत होती. मी वहीत भराभर लिहून घेत होते. तिनं थाळी उचलली, "आता हे आपण," एवढं म्हणाली, आणि लाइट गेली. आमच्याकडं लाइट गेली की पुढच्या सहा-आठ तासांची निश्चिंती. त्यामुळं तो पदार्थ पुढं भाजला कसा, बाहेर आला तेव्हा दिसला कसा, कापला कसा, हे मला कळलंच नाही. कित्येक महिने ते माझ्या डोक्यात कुसळासारखं टोचत होतं. आज माझी भाची फोनवर दोन मिनिटांत असे पन्नास टार्ट काढून दाखवते, आणि मी बघतेही. पण तिला त्याचं काहीच वाटत नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

मायनं डोक्याला हात लावला. "आगं, येतं ते कर की. धपाटे कर, पुरण घाल. जे तू कधी पाह्यलं न्हाई, खाल्लं न्हाई, ज्याचं नाव घेता येत न्हाई, तेच काहून करायचं?"

"तुला येत न्हाई म्हणून."

"मला येत न्हाई ते माझं नशीबच म्हणायचं," असं म्हणून ती हसली, आणि लोण्याचं मडकं मात्र माझ्यापुढं सरकवलं.

बुधवारी मी पहिली थाळी लावली. वहीत लिहिलं होतं, लोणी थंड घ्यावे. मायला ते पटलं नाही. "थंड मोहन घालतं का कोणी? कडकडीत घालावं लागतंय, न्हाई तर करंजी बसती." टीव्हीवरच्या बाईनं थंड का, ते सांगितलं नव्हतं, माय मात्र जन्मभर करंज्या करत आलेली. मी लोणी कढवून पिठात ओतलं, ते चर्रकन वाजलं, आणि आम्हां दोघींना बरं वाटलं. तेव्हाच्या त्या चर्र आवाजातच चूक होती हे मला पुढं वर्षभरानं कळलं. लोणी थंड राहिलं तरच पारीचे पदर सुटतात. पण आमच्या मुलखात कुणाही बाईनं तेच केलं असतं, आणि आमच्या करंज्यांना आजही कुणी नाव ठेवत नाही.

अंड्याचा प्रश्न त्याहून अवघड. आमच्या चुलीवर अंडं चढत नसे. मी विचार केला, अंडं तिथं करतं काय, तर पातळ असतं ते घट्ट करतं. घट्ट होणारं आमच्या घरात दुसरं काय आहे? पिठलं. कालचं पिठलं सकाळी सुरीनं कापता येतं. मग बेसन, दही, हिरवी मिरची, जिरं असं कालवलं. त्या दिवशी स्वतःवरच मी इतकी खूश होते की ते कालवण मायला दोनदा चाटायला लावलं. थाळी तव्यावर ठेवली, वर परात पालथी घातली आणि खाली चुलीशेजारचा नवा गॅस. अर्ध्या तासानं परात उचलली तर बूड कोळसा आणि वरचं बेसन जसंच्या तसं, ओलं, पिवळं, माझ्याकडं बघत बसलेलं. गॅस बारीक करून पुन्हा केला. पुन्हा तेच, फक्त काळं व्हायला वेळ लागला. ते काळं मी बैलांना घातलं तर त्यांनी हुंगून सोडून दिलं.

शुक्रवारी शेतात रोडगे होते. पेरणीच्या आधी बांधावरच्या म्हसोबाला रोडग्यांचा निवद दाखवायचा ही आमची पद्धत. रोडगा म्हणजे कणकेचा मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे लाल निखाऱ्यांत, पुरून भाजलेला, वर फोडून तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. ह्यातली एक गंमत मला आधी कधी जाणवली नव्हती. कणीक घरी बायका मळतात, वांगी बायका चिरतात, पण रोडगे भाजतात ते पुरुष. बाई त्या आराजवळ जात नाही. का, तर जात नाही. मी कणकेची पाटी डोक्यावर घेऊन शेतात गेले, पाटी उतरवली, आणि मायसारखी परत न फिरता तिथंच निंबाच्या सावलीत बसून राहिले.

अण्णांनी गोवऱ्या गोल रचल्या. हातानं थापलेल्या खाली, रानात आपसूक वाळलेल्या वर. पेटवल्या. आधी धूर, मग जाळ, आणि जाळ बसल्यावर नुसत्या लालबुंद गोवऱ्या, अंगावर पांढरी राख चढलेल्या. मग त्यांनी काठीनं आर बाजूला सारला, खालच्या गरम राखेत, ज्याला आम्ही फुफाटा म्हणतो त्यात, गोळे मांडले, वर पुन्हा फुफाटा पसरला आणि मग त्याच्यावर आर ओढला. मी बघत होते. माझ्या थाळीला जे मिळालं नव्हतं ते मला तिथं समोर दिसत होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "आर सरळ गोळ्यावर काहून न्हाई टाकला? मधी राख काहून?"

त्यांनी मान वर करून पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतील. ते म्हणाले, "आर अंगावर आला की सालटं जळतंय अन् आत पीठ राहतंय. राखंतून आला की दमानं येतो. मंग आत शिरतो."

"किती राख?"

"चार बोटं. गोवरी कवळी असली तर तीन."

"हे तुमाला कोणी सांगितलं?"

ते काठीनं मातीत रेघ ओढत जे बोलायला लागले, ते मी जन्मात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "कोणी न्हाई. मी तुझ्याएवढा होतो तवा आमचे रोडगे दर साली करपायचे. म्हातारे म्हणायचे, म्हसोबाचा कोप हाय. मला काही ते बराबर वाटेना. मंग एक दिस दुपारी कोणी नव्हतं, तर मी तीन गोळे पुरले. एकाला दोन बोटं राख, एकाला चार, एकाला सहा. बसलो बघत."

"मंग?"

"मंग काय. चाराचा झाला." ते जरासे हसले. "आक्का तवा सणाला आलती, तिनं लई हाणलं मला. कणीक वाया घालवली म्हणून."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हा माणूस माझा बाप आहे हे मला आज कळतंय. सतरा वर्षं मी मायच्या पुढं बसून काहून-काहून करत होते, आणि उत्तर शोधणारा माणूस उंबऱ्याच्या बाहेर तांब्याची वाट बघत उभा होता. मी त्यांना माझ्या दोन करपलेल्या थाळ्यांचं सगळं सांगितलं. ते ऐकत गेले, मध्ये एकदाच विचारलं, "वरून आर होता का?" मी म्हटलं, नव्हता. "मंग वर भाजंल कशानं?" असं म्हणून ते रोडगे उलथवायला उठले, आणि जाता जाता म्हणाले, "आयतवारी आर मी करतो. चुलीपाशी न्हाई. गोठ्यामागं. पण खाणार आक्का हाय, ध्यानात ठेव."

रविवारी आत्या नऊच्या जीपनं आली. हातात शेंगदाण्याची पिशवी, पायात नव्या वहाणा, आणि तोंडात पहिलंच वाक्य, "कुठाय ती परभणीवाली?" मी पाया पडले. तिनं माझी हनुवटी उचलून पाहिली आणि म्हणाली, "वाळली. अभ्यास करून वाळली. आता सैपाक शिकून फुगंल म्हणावं." माय पदर तोंडाला लावून हसली. आत्याच्या बोलण्यात खोट नव्हती, पण दया-माया पण नव्हती, आणि मला तिची भीती वाटत होती.

मी सकाळपासून भाज्यांना लागले होते. आमच्या विहिरीवरच्या वाफ्यातले दोडके, लाल भोपळ्याची फोड, दोन वांगी, भरपूर कांदा. फोडणी दिली, मीठ घातलं, वर झाकण ठेवलं आणि झाकणावर पाणी, वाफेवर शिजायला. मायनं मला तशीच भाजी शिकवलेली, आणि ती मऊसूत झाली तेव्हा मी खूश झाले. पारी लाटून जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, काठाच्या थाळीत बसवली, कडेला करंजीसारखी मुरड घातली, कारण मला ती सुंदर वाटली. भाजी पसरली, वरून बेसनाचं कालवण ओतलं, त्यावर थोडे तीळ. थाळी उचलून गोठ्यामागं नेली तेव्हा अण्णांनी आर तयार ठेवला होता. खाली चार बोटं राख, तिच्यावर थाळी, थाळीवर लोखंडी तवा पालथा, तव्यावर राखेचा पातळ थर आणि वर आर. आम्ही दोघं दोन बाजूंना उकिडवे बसलो. बैल रवंथ करत होते. घरातून आत्याचा आवाज येत होता, तिच्या सुनेनं वरणात चिंच जास्त घातल्याची हकीकत.

अर्ध्या तासानं तीळ भाजल्याचा वास आला, मग कांद्याचा. अण्णा डोळे मिटून तो वास घेत होते, हळदीच्या कढईपाशी घ्यायचे तसाच. त्यांनी काठीनं तवा उचलला. आत सगळं फुगून वर आलेलं, सोनेरी, मधोमध एक भेग. मी हात तोंडावर धरला. मला हिवाळ्यात जे दिसायचं राहिलं होतं ते हे. अण्णांनी ज्वारीच्या धांड्याची बारीक काडी काढून मधोमध खुपसली, बाहेर काढली, बोटांत फिरवली. कोरडी. "झालं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा उजळला होता.

जेवायला पाच पानं. अण्णा, आत्या, तिचे यजमान, माय आणि मी. मायनं भाकरी, ठेचा आणि वरण केलेलंच होतं, उगाच कुणी उपाशी नको म्हणून. मी थाळी मध्ये ठेवली आणि सुरीनं सहा तुकड्यांत कापली. सुरी वरून करकर गेली आणि खाली पोहोचताच आवाज बंद झाला. मला तेव्हाच कळलं. तुकडा उचलला तर बूड थाळीला चिकटलं. निघालं ते लिबलिबीत, पांढरट, शिजल्या खिमटासारखं.

आता मला कुणी विचारलं तर मी झोपेतही सांगेन, भाजी वाफेवर शिजवायची नव्हती, परतून कोरडी करायची होती, आणि पारी आधी रिकामीच थोडी भाजून घ्यायची होती. तेव्हा ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी नुसती बघत बसले.

आत्यानं तुकडा तोंडात घातला, चावला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. "वरून झ्याक हाय," ती म्हणाली. "खरं सांगते, वरचं मला लई आवडलं. पण बुडाला लगदा हाय गं पोरी." तिनं बोटानं तो लगदा पानाच्या कडेला सारला. "लगदा करायला परभणीला कशाला जायाचं? तो माझी सून डोंगरकड्यातच करती."

तिचे यजमान हसले, माय हसली, आणि हसता हसता माझ्याकडं बघून थांबली. अण्णा हसले नाहीत. ते आपल्या हातातला तुकडा उलटा करून त्याचं बूड बघत होते. आत्यानं एक तुकडा अजून घेतला, वरचा भाग खाल्ला आणि निकाल दिला. "न्हाई पटलं मला. घरीच शिक मायपाशी. वसतिगृहात राहून लेकरांची तबेत जाती." दुपारच्या जीपनं आत्या गेली. जाताना तिनं माझ्या हातात शेंगदाण्याची पिशवी ठेवली, मायेनंच ठेवली, आणि मला ती जमिनीवर आपटावीशी वाटली. मी गोठ्यामागं जाऊन थंड झालेल्या राखेपाशी बसून रडले. इतकी कधी रडले नव्हते. माय येऊन उभी राहिली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "वरचं खरंच चांगलं झालतं गं." त्यानं अजूनच रडू आलं.

सोमवारी सकाळी उठून मी चूल पेटवली. फॉर्म आज द्यायचा होता, आणि फॉर्म फडताळात तशाच घडीत होता. माय धारा काढायला गेली होती. तेवढ्यात उंबऱ्याशी अण्णा आले. मी सवयीनं तांब्या भरला. ते उंबरा ओलांडून आत आले आणि चुलीसमोर, मायच्या जागेवर, उकिडवे बसले. हातात ताटली होती आणि ताटलीत कालचा उरलेला तुकडा. त्यांनी तो रात्रभर झाकून ठेवलेला दिसत होता.

"हे बघ," त्यांनी तो उलटा केला. "आर बराबर होता. राख बराबर होती. काडी कोरडी आली. कडा भाजल्या, वर भाजलं. मंग बूड वलं काहून राह्यलं?"

"भाजीचं पाणी उतरलं असंल."

"उतरलं तर इतक्या आरात आटलं काहून न्हाई?"

"माहीत न्हाई, अण्णा."

"तुझ्या मायला माहीत हाय?"

"न्हाई. मी इचारलं तिला."

"आक्काला?"

मी मान हलवली. ते तुकड्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे लाल होते, झोप झालेली दिसत नव्हती. "मी राख कमी करून बघितली असती," ते म्हणाले, "पण मंग बूड करपलं असतं, तुझ्या पयल्या थाळीवानी. म्हंजे हे आराचं काम न्हाई. पिठाचं हाय. अन् पिठातलं मला कळत न्हाई." मग एकदम माझ्याकडं पाहून विचारलं, "तिथं हे सांगतेत का? खरं सांग."

"व्हय," मी म्हटलं. "हेच सांगतेत."

"कागद आण."

मी फडताळातून फॉर्म काढला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला, हात धोतराला पुसले, आणि कुठं सही करायची ते दोनदा विचारून आपलं नाव लिहिलं. चुलीच्या धुरानं त्यांना खोकला आला तरी ते उठले नाहीत. मी घाबरत घाबरत म्हटलं, "आत्याला काय सांगायचं?"

"तिला मी सांगतो." फॉर्म माझ्या हातात देऊन त्यांनी तो तुकडा उचलला, वरचा भाग तोडून खाल्ला आणि बूड पुन्हा ताटलीत ठेवलं. "उत्तर कळलं की लगीच पत्र टाक," ते म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मला थांबवू नको."